गाभाऱ्याचं ओळखपत्र

अजूनही कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून देवळाच्या दाराशी उभा दिसला की माझ्या नाकात पानाच्या पिंकेचा आणि अत्तराचा वास शिरतो. वास तिथे नसतो, मला माहीत आहे. तो धुळ्यातल्या एका फोटो स्टुडिओतला, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा वास आहे. पण नाकाला कोण समजावणार.

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सोडली. गणित आणि घरची चूल, दोन्ही एकदमच जड झाली. गावातला एक जण धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये होता, त्याच्या मागोमाग मी आलो. समुद्र नाही, नारळ नाही, माड नाही, आणि उन्हाळा असा की नळाच्या पाण्यानंही हात भाजावेत. ज्यांनी मला ठेवून घेतलं ते स्टुडिओचे मालक, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायला लागलो. त्यांनी मला डार्करूम शिकवली, ब्रश धरायला शिकवलं. त्यांच्या घरी कळण्याची भाकरी आणि तिखटजाळ भाजी असायची, पण आक्का, म्हणजे नानांची बायको, माझ्यासाठी रोज वेगळा भात टाकायच्या. वर्षानुवर्षं टाकला. एकदाही बोलून दाखवलं नाही. या एका भाताचं ऋण मी अजून बाळगून आहे.

आणि तरीही मनात कायम धाकधूक असायची. नाना नुसते खाकरले तरी वाटायचं, आता म्हणतील, बाबा, जा तुझ्या गावाला. माझी पत्र्याची ट्रंक मी कधी पूर्ण उघडली नाही. त्यांची अहिराणी मला सगळी कळायची, पण तोंडून कधी बोललो नाही. आपण बोललो आणि लोक हसले तर, ही भीती. मी मोठा झालो, मिशा आल्या, आलेली गिऱ्हाइकं मलाच 'फोटोवाले' म्हणायला लागली, तरी ही भीती तशीच राहिली.

तर त्या वर्षी एका सकाळी पुरोहितांच्या आणि पुजाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष स्टुडिओत आले. उंच, गोरे, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कानात अत्तराचा फाया, तोंडात पान. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, बुबुळावर पांढरा ठिपका. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याने आपोआप हात जोडावेत.

म्हणाले, "यात्रेजत्रेत भोंदू शिरतात. भगवं घालतात, गाभाऱ्यात घुसतात, देवाच्या अंगावरचं घेऊन पसार होतात. आता प्रत्येक पुजाऱ्याला फोटोचं ओळखपत्र. ओळखपत्र नाही तर गाभारा नाही. पोलिसांनाही तसं कळवलंय."

कल्पना चांगली होती. आमच्या सगळ्यांना पटली. तसे चोर खरंच होते. नाना तर खूश झाले, दोन्ही जिल्ह्यांचं काम, धुळ्याचं आणि जळगावचं. रंगीत फोटो तोवर आला होता, पण ओळखपत्राला काळा-पांढराच हवा होता, आणि तो आम्ही घरीच धुवायचो.

"फक्त एक," अध्यक्ष म्हणाले. "फोटो उघड्या अंगाने. जानवं दिसलं पाहिजे. आणि फोटोआधी मी प्रत्येकाला बघणार."

'बघणार' म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

स्टुडिओच्या पडद्यासमोर, जिथे नवरा-नवरीला बसवायचो, तिथे अध्यक्षांनी खुर्ची टाकली. पडद्यावर रंगवलेलं तळं, हंस, मागे डोंगर. त्या हंसापुढे एकेक पुजारी सदरा काढून उभा राहायचा. कुणी साक्रीकडचे, कुणी पहूरहून रात्रीच्या गाडीने आलेले, कुणी नरडाण्याहून. अध्यक्ष म्हणायचे, हात पुढे. बोटं मोजायचे. वळा. पाठ बघायचे. तोंड उघडा. दात बघायचे. एकाच्या दंडाला चिमटा घेऊन कातडी ताणून पाहिली. शास्त्रात आहे म्हणाले, देवाला हात लावणाऱ्याच्या अंगात व्यंग नको.

मी कोपऱ्यात लाइट धरून उभा. बैलबाजार मी पाहिला होता. तिथे बैलाला निदान चारा तरी घालतात.

एका पुजाऱ्याचा अंगठा मळणीच्या यंत्रात गेलेला होता. चाळिशीचा माणूस. अध्यक्षांनी त्याचा हात उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "देवाला गंध कशाने लावता, कोपराने?" बाकीचे हसले. ज्यांचा नंबर यायचा होता ते जास्त हसले. त्या माणसाने हात सोडवून घेतला. सदरा घातला, बटणं त्या हातानं लावायला त्याला वेळ लागला, आणि फोटो न काढता जिना उतरून गेला. मग अध्यक्ष उठले, आत आले, आणि ज्या मोरीत मी फोटो धुवायचो तिच्यात पचकन थुंकले. ओले फोटो बाजूच्या ट्रेमध्ये पोहत होते, एका-दोघांच्या चेहऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. मी ते पुन्हा धुतले. त्या दिवशी मला आक्कांचा भात गेला नाही. "ताप शे का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडून एक घोटाळा झाला. घाईघाईत एक अख्खी फिल्म उलट्या बाजूने छापली गेली. म्हणजे डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. लग्नाच्या फोटोत असं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, फार तर भांग दुसरीकडे दिसतो. पण इथे जानवं. जानवं डाव्या खांद्यावर असतं, उजव्या खांद्यावर घेतात ते फक्त पितरांचं कार्य करताना. त्या फिल्मवरचे सगळेच्या सगळे पुजारी श्राद्धाला बसल्यासारखे दिसत होते. त्यात अध्यक्षही होते.

त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "नाना, तुम्ही जिवंतपणी आमचं श्राद्ध घातलंत."

नाना हात जोडून, "गुरुजी, दोन तासांत नवे देतो." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि मला वाटलं, संपलं, आज ट्रंक उचलायची. अध्यक्ष खाली उतरल्यावर नाना खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. "बठ्ठास्ले एकदमच वर धाडी दिनं रे तू." सगळ्यांनाच वर पोहोचवलंस, म्हणे. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला मी त्यांना टॉवेल दिला.

पण त्या दिवसापासून अध्यक्ष सही करताना एकच गोष्ट बघायला लागले. छापाचा गठ्ठा आला की प्रत्येक फोटोवर बोट ठेवून जानव्याचा दोरा डाव्या खांद्यापासून खाली फिरवत न्यायचे. दोरा बरोबर असला की सही. नावाकडे, चेहऱ्याकडे लक्ष नसे. हे पुढे कामाला आलं, आणि पुढे नडलंही.

त्यांचा स्वतःचा फोटो नवा छापला तेव्हा त्यांनी मला एकट्याला बोलावलं. "हे बघ," डाव्या डोळ्याकडे बोट करून म्हणाले, "एवढं जरा नीट कर. फोटोत बरं दिसत नाही."

डोळ्यातलं पांढरं झाकायचं म्हणजे छापावर सगळ्यात बारीक ब्रशने काळा रंग भरायचा, आणि मधे सुईच्या टोकाएवढी चमक ठेवायची. मी ती ठेवली. असा सुंदर डोळा झाला की उजव्यापेक्षा तोच खरा वाटावा. ते बघून खूश झाले, माझी पाठ थोपटली. ज्या हाताने बोटं मोजली होती त्याच हाताने. मला पाठ पुसून घ्यावीशी वाटली.

चैत्र लागला होता. सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत, एक गाव आहे. तिथे देवीचं देऊळ, चैत्र पौर्णिमेला यात्रा. त्या देवळाचे पुजारी एका दुपारी बायकोबरोबर स्टुडिओत आले. वय सत्तरीच्या पुढे. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, वहाणा जिन्याखाली काढून ठेवलेल्या. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्या घराण्यात पूर्वीपासून त्या देवीची पूजा होती. आणि आबांच्या खालच्या ओठावर आणि बोटांच्या टोकांवर कोड होतं. पांढरे, स्वच्छ डाग, दुधात बोट बुडवून तोंडाला लावल्यासारखे.

अध्यक्षांनी त्यांना सदरा काढायलाही सांगितला नाही.

"आबा, तुम्ही आता घरी बसा. आराम करा. यात्रेला मंडळाचा माणूस पाठवतो."

मंडळाचा माणूस म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या. त्याचा फोटो मीच काढला होता, नवं कोरं रेशमी सोवळं नेसलेला. हायवे रुंद झाल्यापासून त्या यात्रेला गुजरातेतूनही माणसं यायला लागली होती, आणि त्या आधी त्या देवीकडे मंडळातलं कुणी फिरकलं नव्हतं.

आबा म्हणाले, "गुरुजी, हाई कोड माले तीस वरीसपाईन शे. देवीनी कधी ना नही म्हनं."

"देवीला बोलता येत नाही म्हणून," अध्यक्ष म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

आबांच्या बायकोने पदर ओढून घेतला आणि अध्यक्षांकडे नुसतं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चाला."

अध्यक्ष जेवायला गेले. नाना धावत खाली उतरले, बसस्टँडच्या रस्त्यावरून दोघांना परत घेऊन आले. बसवलं, पाणी दिलं. "आबा, फोटू तं काढी ल्या," म्हणाले. "पुढलं पुढे दखू." आबांनी सदरा काढला. जानवं पिवळं पडलेलं, पण डाव्या खांद्यावर. मी फोटो काढला.

रात्री छाप काढल्यावर नाना माझ्या मागे येऊन उभे राहिले. "सफाईनं कर," एवढंच म्हणाले. मला कळलं. ओठावर, मग बोटांवर, मी ब्रशने सावकाश रंग भरला. कोड गेलं. दुसऱ्या दिवशी ते ओळखपत्र गठ्ठ्यात मधोमध होतं. अध्यक्षांचं बोट जानव्यावरून फिरलं, सही झाली, शिक्का बसला. आबांकडे ते पोहोचतं झालं. नाना त्या रात्री जेवताना उगाचच गाणं गुणगुणत होते.

यात्रेला नानांनी मला कॅमेरा देऊन पाठवलं. अशा ठिकाणी लोक देवीसमोर फोटो काढून घेतात, चार पैसे सुटतात. मी सकाळच्या एसटीने गेलो. देवळाच्या पायऱ्यांवर, उन्हात, केळीचे खुंट उभे केलेले, बायकांच्या हातात नैवेद्याच्या ताटल्या, पुरणाचे मांडे फडक्यात झाकलेले. आणि पायऱ्यांच्या वर दाराशी गर्दी थबकलेली.

आत पूजा सुरू झालेली नव्हती. दारात एक हवालदार, त्याच्या बाजूला अध्यक्ष, गळ्यात त्यांचं ओळखपत्र, आणि रेशमी सोवळ्यातला पुतण्या. समोर आबा, अंगावर ओलं धोतर, नुकतीच अंघोळ केलेली, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ओळखपत्र.

हवालदाराने ते घेतलं. "सही आहे, शिक्का आहे, गुरुजी. जाऊ द्या की."

अध्यक्षांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पहिल्यांदाच चेहरा बघितला. मग हसले.

"हवालदारसाहेब, यातल्या माणसाला कोड आहे का?"

"नाही दिसत."

"आणि यांना?"

हवालदाराने आबांच्या ओठाकडे बघितलं.

"म्हणजे हे ओळखपत्र यांचं नाही. दुसऱ्याचं आहे. हेच ते भोंदू, ज्यांच्यासाठी आपण हे सगळं केलं."

माझा रंग तिथे आबांच्या विरुद्ध साक्ष देत होता. आबांनी कार्ड परत घेऊन फोटो स्वतःच बघितला, डोळ्यांजवळ नेऊन, जणू तेही ओळखू पाहत होते. म्हणाले, "देवी माले वळखस." हवालदार घामाघूम. पुतण्या पाऊल उचलून उंबऱ्यावर ठेवायला निघाला.

तेवढ्यात आबांची बायको पुढे आली. नैवेद्याचं ताट शेजारणीच्या हातात दिलं. अध्यक्षांच्या अगदी जवळ जाऊन त्यांच्या छातीवर लटकणारं ओळखपत्र दोन बोटांत धरलं. फोटो बघितला. मग वर तोंड बघितलं. पुन्हा फोटो.

"भाऊ," ती म्हणाली, सहज, बाजारात भाव विचारावा तशी, "तुमना डोयानं फूल फोटूमा कोठे गयं?"

अध्यक्षांनी कार्ड ओढून उपरण्याखाली घेतलं. उशीर झाला होता. पहिल्या पायरीवरच्या बाया वाकल्या होत्या, त्यांनी बघितलं होतं. एक म्हणाली, "हाऊ बी दुसराच शे मंग." मागून कुणीतरी म्हणालं, "भोंदू, भोंदू." हसणं पायऱ्या उतरत खाली गेलं, खाली ज्यांना काही दिसलं नव्हतं तेही हसले.

"तो फोटोवाल्याचा दोष आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चांगला डोळा माझ्यावर पडला. मी खांबाआड होतो, पण पूर्ण नाही.

हवालदाराने टोपी काढून घाम पुसला. "हे बघा गुरुजी. माझ्या कमरेला चामड्याचा पट्टा, पायात बूट. मला गाभाऱ्यात येता येत नाही. तेव्हा आत कोण बसलंय ते मला कसं दिसणार?" आणि तो आपण होऊन पायऱ्या उतरून उसाच्या रसाच्या गाडीकडे गेला.

गावातले दोन-तीन बाप्ये पुढे झाले, पुतण्याच्या आणि दाराच्या मधे उभे राहिले. त्याला हातही लावला नाही. आबा उंबरा ओलांडून आत गेले. घंटा वाजली.

हे सगळं इथे गोड संपायला हवं होतं. पण मी पुढचंही बघितलं. पूजेनंतर आबांनी सगळ्यांना प्रसाद वाटला, नारळाचे तुकडे. अध्यक्षही थांबले होते, एवढ्या माणसांत निघून जाणं बरं दिसलं नसतं. आबांनी त्यांच्याही समोर हात केला, पांढऱ्या टोकांची बोटं. अध्यक्षांनी रुमाल पसरला, तुकडा रुमालात पडला, त्यांनी गाठ मारली, कपाळाला लावला. नंतर मी एसटीकडे जाताना त्यांची जीप जिथे उभी होती तिथे चाकाच्या खुणेत तो नारळाचा तुकडा मातीत पडलेला होता. मुंग्या लागल्या होत्या. रुमालही तिथेच, जरीकाठाच्या उपरण्याशी जुळणारा. एवढी शिसारी मला मोरीतल्या पिंकेचीही आली नव्हती. तुकडा उचलून मी झाडाच्या बुंध्याशी ठेवला. रुमाल तसाच राहू दिला.

परत आलो तर नानांना आधीच निरोप पोहोचला होता. उरलेलं सगळं काम काढून घेतलं होतं, दुसऱ्या स्टुडिओला दिलं होतं. नाना काउंटरवर डोकं धरून बसले होते. मी मागच्या खोलीत गेलो आणि ट्रंकेला दोरी बांधायला लागलो. माझ्यामुळे, माझ्या ब्रशमुळे, त्यांचं एवढं मोठं काम गेलं. त्यांनी सांगण्याआधी आपणच निघावं.

नाना दारात येऊन उभे राहिले. दोरीकडे बघत म्हणाले, "ट्रंक कसाले बांधस? सकाळी नरडाणाले लगीन शे. फ्लॅश चार्जिंगले लाव."

मी दोरी सोडली. रात्री ताटात भात होता.

वैशाखात आबा पुन्हा आले, एकटेच. कनवटीतून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. मला वाटलं तक्रार असेल. म्हणाले, हाऊ फोटू मन्हा नही, मन्हा काढी दे. कार्डासाठी नको होता. मंडळ त्यांना कार्ड देणार नव्हतंच, आणि गाव मागणारही नव्हतं. म्हणाले, मी गेल्यावर नातवांनी भिंतीवर बघितलं तर त्यांना समजलं पाहिजे देवीजवळ कोण बसायचा.

नानांनी मोठा कॅमेरा लावला. आबा हंसाच्या पडद्यापुढे बसले, ओठ मिटून, हात मांडीवर, बोटं पसरून. मी छाप काढला आणि ब्रशची पेटी उघडलीसुद्धा नाही. ओला फोटो चिमट्याने धरून बाहेर आणला. ओठावरचा डाग लख्ख उमटला होता, बोटांची टोकंही.

आबांनी तो उन्हाकडे धरून पुष्कळ वेळ बघितला. उलट्या छापाची बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती बहुतेक, कारण मान वर न करता त्यांनी विचारलं, "जानवं डावा खांदावर शे ना?"

नाना आतून हसले. मी बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"शे, आबा."